प्लॅटिनेरिस एकाच रात्री वयात येत नसतील, तर आधी अंधार तपासा

तुम्ही लिहिलंय, सहा महिने झाले, प्लॅटिनेरिस, म्हणजे हे समुद्रातले वलयी किडे, धष्टपुष्ट आहेत, नळ्या विणतात, पालक फस्त करतात. पण आज एक मादी, आठवड्याने एक नर अशी चुकामूक चालू आहे आणि भ्रूण काही हाती लागत नाहीत. क्षारता आणि नायट्राइटचे आकडे दिलेत, ते ठीक आहेत. पाण्याच्या मागे लागू नका. रात्री खोलीत अंधार किती असतो, ते मात्र तुम्ही लिहिलेलंच नाही.

प्लॅटिनेरिस ड्युमेरिली हा प्राणी चंद्राच्या तालावर वयात येतो. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल हाउएनशिल्ड यांनी 1950च्या दशकात जर्मनीत हे किडे प्रयोगशाळेत वाढवायला घेतले आणि रात्रीच्या मंद उजेडाने त्यांचा महिना लावून देता येतो, हे दाखवलं. 16 तास दिवस, 8 तास रात्र. महिन्यातून एकदा सलग सात-आठ रात्री मंद दिवा, ही त्यांची पौर्णिमा. बाकीच्या रात्री मिट्ट काळोख. सगळेजण दिव्याचीच चौकशी करतात, चूक बहुतेक वेळा काळोखात असते. अमावस्याच नसेल तर पौर्णिमा कळणार कशी?

आमच्याकडे नवीन तापमाननियंत्रक बसवला आणि दोन महिन्यांत वेळापत्रक पार विस्कटलं. त्याचे हिरवे आकडे रात्रभर खालच्या फडताळावर उजेड पाडत होते. वरच्या फडताळावरचे किडे बिनचूक! आकड्यांवर काळी चिकटपट्टी लावली. पहिला महिना काहीच फरक नाही, दुसऱ्यात नर-मादी पुन्हा एका रात्री सापडू लागले. तेव्हा धीर धरा. आणि दिवे मालवून दहा मिनिटं खोलीत नुसते बसा; डोळे सरावले की दाराची फट, मोटरचा दिवा, सगळं दिसायला लागतं.

डब्यात गर्दी असेल तर विरळ करा, वाढ खुंटते. मी मोठ्या डब्यात तीसच्या वर ठेवत नाही.

जोडी जमली, की ताज्या समुद्रपाण्याच्या छोट्या वाटीत सोडा. नर पुढून पांढरा, मागून लाल. मादी अंड्यांमुळे पिवळी. दोघं गिरक्या घेऊ लागतात, पाणी दुधाळ होतं, आणि अंडी तळाशी बसतात. मग दोघंही मरतात, त्यात तुमचा दोष नाही. जास्तीचे शुक्राणू लगेच धुऊन काढा, कारण अंड्यांभोवती जेली फुगली की ती एकमेकांना चिकटतात. या वेळी जेवायला जाऊ नका, मी गेलो होतो.

18 अंशांना पहिलं विभाजन साधारण दोन तासांनी होतं. एक पेशी लहान, एक मोठी दिसेल. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, पण ते तसंच असायला हवं.