रिपॉझिटरीत नुसते शोधनिबंध नसतात

प्रश्न एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचा आहे. ग्रंथालयाची माहितीपुस्तिका त्या मराठीत करत आहेत. त्यात 'ओपन ॲक्सेस रिपॉझिटरी'साठी (म्हणजे संशोधन सर्वांना पाहता यावं म्हणून ऑनलाइन ठेवलेल्या साठ्यासाठी) त्यांनी 'मुक्त शोधनिबंध संग्रह' असं लिहिलं आणि एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली, की तिथे शोधनिबंधांखेरीज पुष्कळ काही असतं. तेव्हा रिपॉझिटरीला मराठीत काय म्हणावं आणि तिच्यात असलेल्या सगळ्याला मिळून एखादा शब्द आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

हरकत रास्त आहे, आणि दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेतो. सगळ्याला मिळून शब्द हवा असेल तर तो आपल्याकडे आहे: साहित्य. 'संशोधन साहित्य' असं लिहावं.

साहित्य म्हटलं की आपल्याला आधी कथा-कविता आणि संमेलन आठवतं, त्यामुळे हा शब्द इथे चालेल का अशी शंका येते. पण पाककृतीच्या डोक्यावर 'साहित्य' लिहिलेलं असतं, पूजेचं साहित्य असतं, बांधकामाचं असतं, शालेय साहित्याचं दुकान असतं. कामासाठी एकत्र जुळवलेल्या वस्तू, हा अर्थ मराठीत अगदी जिवंत आहे. संशोधनाच्या लिखाणात तर दोन्ही अर्थ एकाच प्रबंधात शेजारी नांदतात. एका प्रकरणाचं नाव 'पूर्वसाहित्याचा आढावा' असतं, तिथे साहित्य म्हणजे आधी कोणी काय लिहिलं ते. विज्ञानाचा प्रबंध असेल तर पुढे 'साहित्य व पद्धती' येतं, तिथे साहित्य म्हणजे रसायनं, नमुने, उपकरणं. लिहिलेलं आणि वापरलेलं, दोन्ही ज्यात मावतं असा शब्द आयता मिळत असताना तो सोडू नये.

मावायला हवं ते किती, याची कल्पना एका यादीवरून येते. अशा संग्रहांतल्या नोंदी करण्यासाठी 'डब्लिन कोअर' नावाची पद्धत जगभर वापरतात. (हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, १९९५ साली तिथे झालेल्या बैठकीवरून हे नाव पडलं.) या पद्धतीत वस्तूच्या प्रकारांची १२ नावं दिली आहेत. 'मजकूर' हे त्यांतलं फक्त एक. बाकीच्यांत ध्वनी आहे, स्थिर चित्र आणि चलतचित्र आहे, विदासंच (डेटासेट) आहे, सॉफ्टवेअर आहे, घडून गेलेला कार्यक्रमही आहे. 'शोधनिबंध' हा शब्द या बारांतल्या एका प्रकाराच्या एका कोपऱ्यापुरता पुरतो.

आता रिपॉझिटरी. बोलताना रिपॉझिटरीच म्हणावं, सगळे तेच म्हणतात. लिहिताना मी 'भांडार' पसंत करतो. 'संग्रह' चुकीचा नाही, पण त्याला आधी काही जोडल्याशिवाय तो उभा राहत नाही, कवितासंग्रह, नाणेसंग्रह. 'संग्रहालय' म्हटलं की काचेच्या कपाटातल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. 'कोश' शब्दकोश-विश्वकोशांनी व्यापून टाकला आहे, 'आगार' एसटीने. 'अभिलेखागार' जुन्या सरकारी कागदपत्रांसाठी रूढ आहे आणि तो तिथेच राहावा, कारण त्या कामाची शिस्त वेगळी असते. भांडारात मात्र तऱ्हेतऱ्हेचा माल येतो, नोंदून ठेवला जातो आणि मागणाऱ्याला दिला जातो. वस्त्रभांडार, ग्राहक भांडार हे शब्द अजून पाट्यांवर आहेत, भांडारकर हे आडनाव आहे. म्हणून 'संशोधन भांडार'.

भांडारातल्या एका वस्तूला काय म्हणावं हेही पुस्तिकेत लागेल. डीस्पेस हे सॉफ्टवेअर यासाठी खूप ठिकाणी वापरलं जातं (एमआयटी आणि एचपी यांनी मिळून ते २००२ मध्ये आणलं). त्यात 'आयटेम' असा शब्द आहे. त्याला 'नोंद' म्हणावं. 'फाइल' म्हणू नये, कारण एका नोंदीत अनेक फायली असू शकतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या भांडारात कोणताही प्रबंध उघडून पाहा. मुखपृष्ठ वेगळं, गाइडचं प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं, संदर्भसूची वेगळी, अशा पीडीएफची रांगच असते. नोंद मात्र एक.

शोधगंगेचा विषय निघालाच आहे तर तिच्या नावाबद्दलही सांगतो, कारण मराठी वाचक तिथे हमखास अडखळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं आणि शोधगंगा वाढत गेली. आज तिथे ५ लाखांहून अधिक प्रबंध आहेत, त्यांत मराठीत लिहिलेलेही आहेत. नावातला 'शोध' हिंदी अर्थाचा आहे. हिंदीत शोध म्हणजे रिसर्च आणि संशोधन म्हणजे दुरुस्ती, 'संविधान संशोधन' या अर्थी. मराठीत उलट: शोध म्हणजे हरवलेल्याचा तपास किंवा नव्याचा लागलेला पत्ता, आणि रिसर्च म्हणजे संशोधन. समासात मात्र आपणही 'शोध' रिसर्चच्या अर्थी घेतो, शोधनिबंध, शोधप्रबंध, आणि ते रुळलेलं आहे. एकटा 'शोध' तेवढा टाळावा. 'विद्यापीठातील शोध' असं लिहिलं तर मराठी वाचकाला काहीतरी हरवल्यासारखं वाटेल.

शोधगंगेची जोडीदार आहे 'शोधगंगोत्री', आणि हे नाव मला मनापासून आवडतं. नोंदणीच्या वेळी मंजूर झालेल्या सिनॉप्सिस तिथे ठेवतात, म्हणजे प्रबंध जिथून निघतो ते उगमस्थान. सिनॉप्सिसला 'रूपरेषा' किंवा 'आराखडा' म्हणावं, 'सारांश' नको. सारांश झालेल्या कामाचा असतो, आणि रूपरेषेत जे करायचं ठरवलं ते प्रबंधात पुष्कळदा बदललेलं असतं. प्रबंध, लघुप्रबंध, रूपरेषा, शोधनिबंध हे चार शब्द नीट वेगळे ठेवले तर विद्यापीठाच्या भांडारातलं बरंचसं लिखाण मार्गी लागतं.

यापुढे खरी अडचण सुरू होते, ती प्रीप्रिंटपाशी.

ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्रज्ञांना आपले कच्चे लेख एकमेकांना पाठवता यावेत म्हणून संगणकावर एक सोय केली. तीच पुढे 'अर्काइव्ह' (arXiv) झाली आणि २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली. तिथला लेख एखाद्या संपादकीय मंडळाने तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला नसतो. तो विषयाला धरून आहे की नाही एवढं पाहतात आणि लावतात. अशा लेखाला मराठीत 'पूर्वप्रकाशन' किंवा 'पूर्वमुद्रित' म्हटलेलं दिसतं. दोन्हींत एक गोष्ट गृहीत आहे, की यानंतर प्रकाशन होणारच. ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाने २००२ आणि २००३ मध्ये अर्काइव्हवर तीन लेख टाकले. शंभर वर्षं न सुटलेल्या प्वाँकारेच्या अनुमानाची सिद्धता त्यांत होती. ते लेख त्याने कोणत्याही नियतकालिकाला दिलेच नाहीत. इतर गणितज्ञांनी काही वर्षं घालवून ते तपासले, सिद्धता बरोबर निघाली, आणि २००६ मध्ये जाहीर झालेलं फील्ड्स पदक, गणितातला मोठा सन्मान, त्याने नाकारलं. तिथे 'पूर्व' कशाच्या पूर्वी?

उलट बाजूचंही उदाहरण आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस, करोनाच्या अगदी सुरुवातीला, भारतातल्या काही संशोधकांनी 'बायोअर्काइव्ह' या जीवशास्त्राच्या भांडारात एक लेख ठेवला. नव्या विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे आहेत, असा त्यात दावा होता. जगभरच्या तज्ज्ञांनी तिथेच त्यातल्या चुका दाखवल्या आणि काही दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. पण तोवर तो 'संशोधनातून सिद्ध' म्हणून लोकांच्या मोबाइलवर फिरत होता. वाचणाऱ्याला त्याच्यावर 'शोधनिबंध' एवढाच शब्द दिसला असेल, तर तो लेख तपासलेला आहे की नाही हे त्याला कसं कळणार? म्हणून या एका शब्दाबाबत मी हट्टी आहे. प्रीप्रिंटला 'पूर्वपरीक्षण लेख' म्हणावं, म्हणजे तज्ज्ञ-परीक्षणाच्या आधीचा. पुढे तो छापला जाईल की नाही याबद्दल हा शब्द काही बोलत नाही, आणि जे वाचकाला कळायला हवं ते बोलतो.

याच लेखाच्या पुढच्या अवस्थाही भांडारात सापडतात. परीक्षणानंतर नियतकालिकाने मान्य केलेला, पण अजून त्यांच्या साच्यात न बसवलेला मजकूर म्हणजे 'स्वीकृत प्रत'. नियतकालिकात आलेली ती 'प्रकाशित प्रत'. प्रकाशक अनेकदा स्वीकृत प्रत ठेवायला परवानगी देतात, पण काही महिने झाकून ठेवायची अट घालतात. पुस्तिकेत त्याला 'एम्बार्गो' न म्हणता 'अमुक तारखेनंतर खुली' असं सरळ लिहावं.

विदा हा शब्द आता रुळतो आहे याचा मला आनंद आहे. 'आकडेवारी' पुरत नव्हती, कारण डेटा नेहमी आकड्यांतच नसतो. भाषेवर प्रेम करणाऱ्यांसाठी याचं सर्वांत जवळचं उदाहरण पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आणि ते सर्वांसाठी खुलं ठेवलं. गावोगावच्या लोकांचे आवाज तिथे ऐकता येतात, आणि कुठला शब्द कुठे वापरतात याचे नकाशे पाहता येतात. तो आवाज म्हणजे शोधनिबंध नव्हे, पण उद्या त्यावरून दहा शोधनिबंध लिहिता येतील. निबंधात लेखकाने काय निष्कर्ष काढला ते कळतं, आवाज ऐकून आपल्याला तो पारखता येतो.

विदेची नोंद करताना आणखी एक पेच येतो, तो कर्त्याचा. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाचं आणि विदा नीट लावण्याचं काम केलं, आणि हा ठेवा आता 'पारी'वर (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर) वाचता-ऐकता येतो. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, जात असा तपशील दिलेला असतो. आता हेच भांडाराच्या साच्यात भरायचं झालं तर 'लेखक' या रकान्यात कोण? ओवी गाणारीने रचलेली असेल किंवा आईकडून आलेली असेल. लिहून घेणारी वेगळी, ध्वनिमुद्रण करणारा वेगळा. डब्लिन कोअरमध्ये 'क्रिएटर' आणि 'काँट्रिब्यूटर' असे दोन वेगळे रकाने आहेत. मराठी करताना दोन्हींना 'लेखक' करून टाकू नये. 'कर्ता' आणि 'सहभाग' असे शब्द घ्यावेत आणि सहभागापुढे गायिका, संकलक, ध्वनिमुद्रक असं लिहावं. गाणाऱ्या बाईचं नाव नोंदीतून गळलं तर पुढच्या अभ्यासकाला ते कुठेच मिळणार नाही.

बाकीच्या वस्तूंसाठी फार खल करायला नको. परिषदेतलं पोस्टर पोस्टरच राहू द्यावं, 'भित्तिपत्रक' वाचून आंदोलन आठवतं. सादरीकरण, व्याख्यानाची चित्रफीत, अहवाल, पेटंट, नकाशा हे शब्द तयार आहेत. संशोधनासाठी लिहिलेल्या कोडला 'कोड' किंवा 'आज्ञावली', जे तुमच्या वाचकांना ओळखीचं असेल ते. अशा कोडची प्रत्येक आवृत्ती वेगळी नोंदली जाते. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या 'झेनोडो' या भांडारात हे रोजचं आहे. (अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्यावरून हे नाव ठेवलं आहे, ग्रंथपालांना सांगायलाच हवं.) 'ग्रे लिटरेचर' तेवढं अवघड आहे. व्यापारी प्रकाशकांच्या वाटेने न आलेले अहवाल, पाहण्या, टिपणं असा त्याचा अर्थ. 'करडं साहित्य' म्हटलं तर काही बोध होत नाही, 'अप्रकाशित' म्हटलं तर चूक होते, कारण पुष्कळदा ते छापलेलं असतं, फक्त विकलं जात नाही. 'प्रकाशनबाह्य साहित्य' त्यातल्या त्यात बरं. पुण्याच्या गोखले संस्थेच्या डिजिटल भांडारात जुने सरकारी अहवाल चाळताना या वर्गाची किंमत कळते. असे कागद पुस्तकांच्या दुकानात कधी नव्हतेच.

राहिला 'मुक्त'. नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे 'ओपन'ला मुक्त म्हणायची सवय आपल्याला आहे. पण २००२ च्या बुडापेस्टच्या जाहीरनाम्यापासून 'ओपन ॲक्सेस'मध्ये दोन गोष्टी धरल्या जातात: पैसे न देता वाचता येणं आणि परवान्याच्या जाचाशिवाय वापरता येणं. प्रत्यक्षात प्रत्येक नोंदीला दोन्ही लागू होत नाहीत. शोधगंगेवरचे प्रबंध कोणीही वाचावेत, पण त्यांच्या परवान्यानुसार श्रेय द्यावं लागतं, व्यापारी वापर करता येत नाही आणि पुढे वाटायचं तर त्याच अटींवर. म्हणून दार सर्वांना उघडं आहे एवढंच सांगायचं असेल तिथे 'खुलं' लिहावं, आणि वापराचीही मोकळीक असेल तिथे 'मुक्त'. 'मोफत' दोन्हीकडे नको, त्यातून फक्त पैशांचं कळतं.

तेव्हा तुमच्या पुस्तिकेतलं वाक्य असं करता येईल: 'महाविद्यालयाच्या खुल्या संशोधन भांडारात प्रबंध, शोधनिबंध, पूर्वपरीक्षण लेख, विदासंच, ध्वनिमुद्रणं, अहवाल असं विविध संशोधन साहित्य आहे, वापराच्या अटी प्रत्येक नोंदीपुढे दिल्या आहेत.' यादीतलं जे तुमच्याकडे नाही ते गाळा. आणि ध्वनिमुद्रणं असतील, तर ती यादीत थोडी पुढे घ्या, कारण भांडारात आवाजही असतो हे विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसतं.