सोलमध्ये रोजचे दुपारचे कोरियन जेवण स्वस्तात कुठे मिळते?

कामानिमित्त काही महिने सोलमध्ये राहायचे असल्यास दुपारी रोज बाहेर जेवणे परवडेल का, आणि पर्यटकांसाठी थाटलेली उपाहारगृहे सोडून साधे कोरियन जेवण कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात नोकरी करतो आणि दुपारी बाहेरच जेवतो. माझ्या अनुभवाने सांगतो की ते निश्चित परवडते, मात्र हमरस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरण्याची तयारी हवी.

आपल्याला जे हवे आहे त्याला इथे ‘बेकबान’ म्हणतात. भात, एक रस्सा आणि लहान बश्यांत वाढलेली चार-पाच तोंडीलावणी असे त्याचे स्वरूप असते. सोलमध्ये साध्या खानावळीत याचे साधारण ८,००० ते १०,००० वॉन, म्हणजे सुमारे ५०० ते ६०० रुपये पडतात. पुण्या-मुंबईच्या हिशेबाने हा आकडा मोठा वाटेल, पण २०२५ मध्ये कोरियातील किमान वेतनच ताशी १०,०३० वॉन होते, हे लक्षात घेतले तर इथल्या माणसाला हे जेवण तासाभराच्या मजुरीत मिळते. बिलावर वेगळा कर लागत नाही, टीप देण्याची पद्धत नाही, पाणी फुकट असते आणि तोंडीलावणी पुन्हा मागितली तरी सहसा त्याचे पैसे घेत नाहीत.

मला असे पहिले दुकान सापडले ते उलजिरोजवळच्या इन्ह्योन-दोंग भागात, छापखान्यांच्या गल्लीत. कागदाचे गठ्ठे लादलेल्या तीनचाकी गाड्यांना वाट देत चालावे लागते, अशी ती अरुंद गल्ली आहे. सरकत्या काचेच्या दारावर चिकटवलेली चार अक्षरे सोडली तर इथे जेवण मिळते हे बाहेरून कळतही नाही. बारा वाजण्याच्या आधीच छापखान्यांतले कामगार येऊन बसतात. कोणी काही मागवत नाही. किती माणसे आहेत हे बोटांनी दाखवले की चालवणाऱ्या मावशी बश्या मांडू लागतात. तिळाच्या तेलात कालवलेले सोयाबीनचे मोड, मुळ्याची किमची म्हणजे आंबवलेले तिखट लोणचे, गोडसर परतलेली बारीक सुकी मासळी, अंड्याची गुंडाळी, आणि टेबलावर आल्यावरही काळ्या मातीच्या भांड्यात रटरटणारे ट्वेनजांग जिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा. चमचे आणि चॉपस्टिक टेबलाच्या कडेच्या खणात असतात, ते आपणच काढून घ्यायचे. झाकणाच्या लहान स्टीलच्या वाडग्यात भात येतो. तांदळाची टंचाई असताना १९७० च्या दशकात सरकारने खानावळींना वाडग्याचे माप ठरवून दिले, तेव्हापासून हा वाडगा रूढ झाला. आपल्यासारख्या भातखाऊ माणसाला तो कमी पडतो. थोडे जास्तीचे पैसे देऊन दुसरा खुशाल मागवावा.

हे जेवण स्वस्त का पडते, याचे उत्तर त्या स्वयंपाकघरातच आहे. सकाळी बाजारात जी भाजी बरी आणि स्वस्त मिळाली तिच्यावर त्या दिवसाचे पदार्थ ठरतात, सगळ्यांना एकच जेवण असल्यामुळे काही वाया जात नाही, आणि गिऱ्हाईक रोजचेच असल्याने जाहिरातीचा किंवा सजावटीचा खर्च करावा लागत नाही. माझ्या मते चवीचे कारणही हेच आहे, कारण रोज येणाऱ्या माणसाला शिळे वाढून चालत नाही.

याहूनही कमी खर्चात भागवायचे असेल तर नोर्यांगजिनला जावे. सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांची ही वस्ती म्हणजे सोलची सदाशिव पेठच आहे. तिथल्या मेसमध्ये कूपनांचा संच एकदम घेतला की प्रत्येक जेवणाचा दर खाली येतो आणि हवे तितके वाढून घेता येते. कुरो आणि कासान या भागांतल्या कार्यालयीन इमारतींच्या तळघरांतही अशीच हाताने वाढून घेण्याची जेवणघरे आहेत. बाहेरच्या माणसालाही तिथे बहुधा प्रवेश मिळतो. टॅक्सीचालकांसाठीच्या खानावळींना ‘किसा शिकतांग’ म्हणतात. तिथे ताट झटपट येते आणि एकट्या माणसाला कोणी अडवत नाही. बेकबानच्या काही दुकानांत मात्र ऐन गर्दीत एकट्याला टेबल देण्यास नाखुषी असते, म्हणून साडेअकराला किंवा एक वाजल्यानंतर जावे. तीन ते पाच अनेक ठिकाणी बंद असते, आणि कार्यालयांच्या भागातली दुकाने शनिवार-रविवारी सहसा उघडत नाहीत.

शोधण्यासाठी गुगल मॅप्सपेक्षा नेव्हर मॅप (Naver Map) हा कोरियन नकाशा वापरावा, कारण त्यात भिंतीवरच्या दरपत्रकाची छायाचित्रेसुद्धा सापडतात. शिवाय २०११ पासून सरकार वाजवी दर ठेवणाऱ्या दुकानांना ‘चाकान गाग्योक’ अशी मान्यता देते. तिची पाटी दारावर दिसली तर बेलाशक आत शिरावे.

आपण शाकाहारी असाल तर मात्र बेकबानवर विसंबू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. भाजीच्या रश्शातही बहुधा सुक्या मासळीचे पाणी असते आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क घालतात. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मागवताना ‘कोगी पेगो चुसेयो’, म्हणजे मांस वगळून द्या, असे सांगितले तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. किमबापमधून, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडात गुंडाळलेल्या भातातून, हॅम आणि माशाची वडी काढायला सांगता येते. उन्हाळ्यात ‘कोंगगुक्सू’ मिळते, गार सोयादुधातल्या शेवया. त्यात मासळीचे पाणी सहसा नसते, तरी आधी विचारून घ्यावे, आणि सोबत आलेली किमची बाजूला ठेवावी.