'एकल पदार्पण' आणि वेगळी चूल

"फिल कॉलिन्स यांनी 1981 मध्ये एकल पदार्पण करून वेगळी चूल मांडली," असे एक वाक्य पाठवून एका वाचकाने विचारले आहे की, 'सोलो डेब्यू'साठी 'एकल पदार्पण' हा प्रतिशब्द योग्य आहे का.

व्याकरणाच्या अंगाने वाक्यात खोट काढता येणार नाही. अडचण अर्थाची आहे. पदार्पण म्हणजे पाऊल ठेवणे, आणि ते कशात ठेवले हे संदर्भाने तरी कळावे लागते: कसोटी क्रिकेटमध्ये, रंगभूमीवर, राजकारणात. कॉलिन्स 1970 पासून 'जेनेसिस' या ब्रिटिश रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत होते आणि 1975 मध्ये गायक पीटर गेब्रिएल बाहेर पडल्यावर त्या बँडचे मुख्य गायकही झाले. म्हणजे संगीतातले त्यांचे पहिले पाऊल केव्हाच पडले होते. त्यातही इथे 'एकल' हे विशेषण 'पदार्पणा'ला चिकटल्यामुळे ते एकटेच आत शिरले, असा काहीतरी विचित्र भास होतो. 'एकल गायक म्हणून पदार्पण' असे लिहिले की तो जातो.

'एकल' या शब्दावर मात्र माझा आक्षेप नाही. तबल्याच्या एकल वादनातही शेजारी हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे फिरून फिरून येणारी धून, धरणारा असतो, आणि तरी ते एकलच म्हणवते, कारण बैठक तबलजीच्या नावाची असते. कॉलिन्स यांच्या 'फेस व्हॅल्यू' या 1981 मधल्या अल्बममध्ये 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडचे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले होते, तर 'द पोलीस' या बँडचे गायक स्टिंग यांनी 1985 मधल्या आपल्या अल्बमसाठी ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्यासारखे जॅझ वादक जमवले होते. तिथेही एकटे असते ते मुखपृष्ठावरचे नाव.

खरी चूक 'वेगळी चूल' या वाक्प्रचारात आहे. त्यात घर फुटल्याचा अर्थ आहे, आणि 'जेनेसिस' फुटले नव्हते. त्याच 1981 सालच्या सप्टेंबरमध्ये त्या बँडचा 'अबाकॅब' हा अल्बम आला आणि त्यात कॉलिन्स होतेच. जॉर्ज मायकेल यांनाही हा वाक्प्रचार लागू पडत नाही, कारण 1987 मध्ये त्यांचा पहिला एकल अल्बम 'फेथ' आला त्याच्या आदल्या वर्षीच 'व्हॅम' या त्यांच्या जोडगोळीची मूळ चूल विझली होती. स्टिंग यांच्याबाबत तो बराचसा चालेल, कारण त्यानंतर 'द पोलीस'चा नवा अल्बम झालाच नाही.

मी स्वतः "कॉलिन्स यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 1981 मध्ये आला" असे साधे वाक्य लिहीन. त्यातही 'स्वतःच्या नावाचा' हे शब्द गाळू नयेत. पाचगणीच्या शाळेत शिकलेले, 'क्वीन' या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा असा पहिला अल्बम 1985 चा. पण 1973 मध्ये, 'क्वीन'चा पहिला अल्बम येण्याच्या थोडे आधी, त्यांच्या आवाजातली एक तबकडी 'लॅरी ल्युरेक्स' या टोपणनावाने निघाली होती. तिला पदार्पण म्हणायचे झाले, तर ते नेमके कोणाचे?