आईंच्या खात्यातील तोटा आणि वकिलाचा प्रश्न

कोथरूडमध्ये राहणाऱ्या आपल्या आईंच्या खात्यात त्यांना न विचारता ऑप्शन्सचे (शेअरच्या पुढच्या भावावर बेतलेल्या जोखमीच्या करारांचे) सौदे झाले, आठ लाख रुपये गेले, तर वकील करावा की थेट ग्राहक आयोगात जावे, असे आपण विचारले आहे. आयोगाची घाई करू नये. तेथे तक्रार प्रलंबित असताना शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटा-निवारण व्यवस्थेत तोच वाद नेता येत नाही. आणि या व्यवस्थेत समेटाची बोलणी व नंतरचा लवाद ऑनलाइन चालत असल्याने मुंबईच्या खेपाही वाचतात.

त्याआधी, आपण ज्यांना सल्लागार म्हणता ते कायद्याच्या दृष्टीने कोण आहेत, हे पाहावे. नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होत असेल तर ते 2013 च्या विनियमांखालील गुंतवणूक सल्लागार, ‘एआरएन’ असेल तर म्युच्युअल फंडाचे वितरक, आणि ब्रोकरच्या शाखेतला, रोज फोन करणारा गोड बोलका मुलगा बहुधा यांपैकी कोणीच नसतो. तसे असेल तर तक्रार ब्रोकरविरुद्ध करावी लागते.

आईंची बाजू कमकुवत नाही. सौदा ग्राहकाच्या सांगण्यावरून झाला, याचा पुरावा (ध्वनिमुद्रण, ईमेल, सहीचा कागद) ठेवण्याची आणि वाद झाल्यास तो दाखवण्याची जबाबदारी 2018 पासून ब्रोकरवर आहे. मात्र ‘रोज कॉन्ट्रॅक्ट नोट (दिवसाच्या सौद्यांचा ब्रोकरने पाठवलेला तपशील) जात होती, मग सहा महिने गप्प का?’ हा प्रश्न येणारच. सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या ईमेलमध्ये अशा एकशे चाळीस नोटा न उघडलेल्या होत्या. त्यांना वाचवले ते पत्नीच्या दिनदर्शिकेने. दुधाच्या हिशेबाशेजारी तिने ‘आज पुन्हा फोन, नको म्हटले’ असे तारखेनिशी लिहिले होते.

समेटाच्या टप्प्यावर कागद नीट लावलेले असतील तर वकिलाविना चालते. लवादाला मात्र अनुभवी माणूस हवाच, कारण निवाड्याला पुढे आव्हान देण्याची कारणे फार थोडी उरतात. सल्लागारांचे उलट आहे. सेबीची कारणे दाखवा नोटीस हाती पडताच त्यांनी वकील गाठावा, कारण पहिल्या लेखी उत्तरातले एक सैल वाक्य पुढे सेबीच्या आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत मुंबईच्या अपील न्यायाधिकरणात केलेल्या अपिलातही आड येते. त्या न्यायाधिकरणात सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवही बाजू मांडू शकतात, हे अनेकांना ठाऊक नसते. आणखी एक गैरसमज असा, की सेबीने ठोठावलेला दंड गुंतवणूकदाराला मिळतो. तो भारताच्या संचित निधीत जातो. भरपाई वेगळी मागावी लागते.

स्कोअर्स या सेबीच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवरील तक्रारीला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, तेव्हा ब्रोकरकडे ध्वनिमुद्रणाची मागणी याच आठवड्यात आईंच्या सहीने, त्यांच्याच नोंदलेल्या ईमेलवरून करावी. आणि त्यांचा जुना मोबाइल तूर्तास नव्या फोनच्या बदल्यात दुकानात देऊ नये. सौद्यांचे सगळे एसएमएस त्यातच आहेत.