‘एक्झॉर्सिस्ट’चा प्रीक्वल समीक्षकांनी इतका का झोडपला? तो बघावा का?

‘एक्झॉर्सिस्ट’ म्हणजे झपाटलेल्या मुलीतला सैतान पाद्री उतरवतात तो १९७३ चा गाजलेला भयपट, आणि प्रीक्वल म्हणजे त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा चित्रपट. पण कोणता प्रीक्वल? खवचटपणा म्हणून नाही विचारत, खरंच दोन आहेत. मुख्य नट तोच, कॅमेरामन तोच, कथेचा सांगाडा तोच, आणि चित्रपट दोन. समीक्षकांनी धुऊन काढला तो रेनी हार्लिनचा ‘एक्झॉर्सिस्ट: द बिगिनिंग’, २००४ चा. त्याच्या आधी चित्रित होऊन डब्यात गेलेला आणि २००५ मध्ये कसाबसा बाहेर आलेला तो पॉल श्रेडरचा ‘डोमिनियन’. घाई असेल तर एवढंच वाचा: हार्लिनचा सोडा, श्रेडरचा बघा. घाई नसेल तर बसा, कारण या दोन चित्रपटांपायी मी एकदा भरल्या सभागृहात तोंडावर आपटले आहे आणि तो हिशोब अजून चुकता व्हायचाय.

आमच्या कॉलेजात फिल्म क्लब होता. २००६-०७ ची गोष्ट. भयपटांच्या आठवड्यात ‘डोमिनियन’ दाखवायचा हट्ट माझाच. प्रास्ताविकही मीच करणार होते, आठवडाभर टिपणं काढली होती. सांगितलं ते असं: मूळ चित्रपटातले म्हातारे फादर मेरिन इथे तरुण आहेत. पहिलंच दृश्य दुसऱ्या महायुद्धातल्या हॉलंडमधल्या एका गावातलं. नाझी अधिकारी मेरिनला सांगतो, यातले दहाजण तू निवड, त्यांना मी गोळ्या घालतो. नाहीतर सगळ्यांनाच घालीन. मेरिन निवडतो. आणि तिथे त्याची श्रद्धा संपते. पुढे तो पूर्व आफ्रिकेत उत्खननाचं काम करत फिरतो, देवाशी अबोला धरून. ‘या चित्रपटात रक्त कमी आणि मौन जास्त आहे,’ हे वाक्य मी रात्री आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं होतं. टाळ्याही पडल्या.

दिवे गेले. पडद्यावर आलं ते मैलोन्‌मैल पसरलेलं रणांगण, प्रेतांचा खच, आणि खांबांवर उलटी ठोकलेली माणसं.

हॉलंड नाही, नाझी नाही. मला पहिल्या मिनिटातच कळलं की हा हार्लिनचा आहे. डिस्क एका मित्राने आणली होती, कॉपी केलेली, वर मार्करने नुसतं ‘एक्झॉर्सिस्ट प्रीक्वल’. आता शहाण्या माणसाने काय करावं? उठावं, दिवे लावावेत, चूक झाली म्हणावं. मी उठले नाही. म्हटलं, इथे कोणाला कळणार आहे? हॉलंडचा प्रसंग यातही आहे, तुकड्यातुकड्यांत, आठवणींच्या रूपात. तेवढ्यावर निभावून नेऊ.

नेलं असतंही. पण तरस आले.

तुम्ही तो भाग पाहिला नसेल तर सांगते. तरसांची टोळी एका लहान मुलाला फाडून खाते. अंगावर काटा यायला हवा असा प्रसंग, पण ते तरस इतके उघड उघड कॉम्प्युटरवर बनवलेले की सभागृहात आधी एकजण फिसकन हसला, मग सगळेच. आणि माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, माझ्याच कॉलेजात एक वर्ष पुढे, तो मागच्या रांगेतून ओरडला, “हेच का गं ते मौन?”

हे वाक्य मी लग्नकार्यात, दिवाळीत, त्याच्या मुलीच्या बारशात ऐकलेलं आहे. त्या दिवशी चित्रपट संपल्यावर आमच्या क्लबच्या प्रमुख सरांनीही समारोप करताना ‘समीक्षकांचं न वाचता आपल्या डोळ्यांनी बघावं’ असा टोमणा मारला. सर, मी दोन्ही बघितले होते. डिस्क चुकली होती.

तर, झोडपला का? नुसता वाईट होता म्हणून नाही. वाईट भयपट दर महिन्याला येतात, त्यांच्यावर कोणी इतकी शाई खर्च करत नाही. राग होता तो तो कसा बनला याचा. आधी जॉन फ्रँकनहायमर दिग्दर्शन करणार होते. ते आजारपणामुळे बाजूला झाले आणि २००२ मध्ये वारले. मग श्रेडर आला. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ लिहिणारा माणूस, कडक कॅल्विनपंथी (म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंट) घरात वाढलेला, जिथे सिनेमा बघणंच पाप होतं. अशा माणसाला पाद्र्याच्या श्रद्धेवरचा चित्रपट दिला तर तो काय बनवणार? निर्मात्यांनी बघितला आणि म्हणाले, घाबरायला होत नाही. मग हार्लिनला बोलावून, पटकथा फिरवून, जवळजवळ सगळा चित्रपट नव्याने चित्रित केला. मेरिन झालेला स्टेलान स्कार्सगार्ड बिचारा तीच व्यथा घेऊन दुसऱ्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. म्हणजे भीतीसाठी श्रद्धेचा चित्रपट फेकून दिला, आणि बदल्यात जे मिळालं त्याला लोक हसले. समीक्षकांना चेव आला तो इथे. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर त्याचा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

दादाचं म्हणणं, दहा टक्के म्हणजे शंभरात दहा मार्क, विषय संपला. दादा, वीस वर्षं झाली, तो आकडा मार्कांचा नसतो रे. शंभर समीक्षकांपैकी किती जणांना चित्रपट एकंदरीत बरा वाटला, एवढंच तो सांगतो. सगळ्यांना जेमतेम आवडलेला चित्रपट शंभर टक्के मिळवू शकतो. ‘डोमिनियन’चा आकडाही तिशीच्या आसपासच आहे, पण रॉजर एबर्ट या नावाजलेल्या अमेरिकी समीक्षकाने त्याला चारपैकी तीन तारे दिले होते, आणि मूळ कादंबरी लिहिणाऱ्या विल्यम पीटर ब्लॅटीनेही त्याची तारीफ केली होती. ज्याचं पोर त्यानेच ओळखलं म्हणा.

आता मूळ मुद्दा, जो मला त्या दिवशी मांडता आला नाही. ‘डोमिनियन’मध्ये सैतान शिरतो तो चेचे नावाच्या मुलात. अपंग, गावाने टाकलेला मुलगा. आणि सैतान जसजसा आत मुरतो तसतसा तो मुलगा बरा होत जातो. वाकडे अवयव सरळ होतात, चेहरा तेजाळतो. म्हणजे झपाटलेला मुलगा कुरूप होत नाही, सुंदर होतो! पाद्र्यापुढे पेच बघा: ज्याला बरं करायला आलो तो तर बरा होतोय, आणि नेमकं तेच भयंकर आहे. वर सैतान मेरिनला हॉलंडचा तो दिवस पुन्हा जगायची लालूच दाखवतो. हार्लिनच्या शेवटाला काय आहे? झपाटलेली बाई, फाटलेला चेहरा, घोगरा आवाज, शिव्या. १९७३ चाच माल, शिळा. म्हणून म्हणते, ‘भीती नाही तर भयपट कसला’ हे आपलं नेहमीचं वाक्य दादाने जपून वापरावं. दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं.

दादा यावर ‘द नन’ काढतो. तोही एक प्रीक्वलच, ‘कॉन्ज्युरिंग’ भयपटांचा. २०१८ चा, समीक्षकांनी पाडलेला, आणि जगभरात ३६ कोटी डॉलरच्या वर कमावलेला. बरोबर आहे. आणि २०२४ चा ‘द फर्स्ट ओमेन’, ‘द ओमेन’चा प्रीक्वल, जो समीक्षकांनी उचलून धरला, तो साडेपाच कोटींच्या आतबाहेर थांबला. हेही बरोबर. पण तुम्ही विचारलंय बघावा का, विकत घ्यावा का असं नाही. ‘द फर्स्ट ओमेन’ मात्र जरूर बघा. १९७१ चं रोम, मठात आलेली एक तरुण मुलगी, आणि तिच्या शरीरावर इतरांचा हक्क ही खरी दहशत. जन्माला येणारं मूल सैतानाचं असणार हे आपल्याला १९७६ च्या मूळ ‘द ओमेन’मुळे ठाऊक असतं, तरी आपण धास्तावतो. प्रीक्वलने करायचं असतं ते हेच. मेरिन जिवंत राहणार हे तर सगळ्यांना माहीतच असतं, त्याचं आत काय मेलं हे दाखवायचं असतं. (जाता जाता: मूळ चित्रपटात मेरिनचं आफ्रिकेतलं भूत उतरवणं दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे, प्रीक्वलवाल्यांनी ते नेऊन ठेवलं १९४० च्या दशकात. दोघांनीही. याबद्दल मात्र कोणी फारसं ओरडलं नाही.)

काही कबुल्या देते, नाहीतर तुम्ही माझ्या भरवशावर बसाल आणि मला शिव्या द्याल. ‘डोमिनियन’ फार संथ आहे. श्रेडरला चित्रपट पूर्ण करायला फारच तुटपुंजे पैसे दिले होते, त्यामुळे त्याच्यातलेही कॉम्प्युटरचे इफेक्ट कच्चे आहेत, काही ठिकाणी हार्लिनपेक्षाही. काही संवाद प्रवचनाच्या अंगाने जातात. पहिल्यांदा बघताना मी मधे अर्धा तास झोपले होते, हे दादाला माहीत नाही. म्हणजे आता झालं.

कुठे मिळाला तर पहिलं दृश्य तपासा. हॉलंडचं गाव दिसलं तर श्रेडर, उलटी टांगलेली माणसं दिसली तर हार्लिन. आधी हार्लिनचा बघून मग श्रेडरचा बघावा असंही काहीजण म्हणतात, तुलना कळते म्हणून. मला पटत नाही.

आणि दादा, तू हे वाचणारच आहेस, घरच्या ग्रुपवर टाकणारही आहेस. मागच्या वर्षी मी तुला ‘डोमिनियन’ लावून दिला तेव्हा तू चाळिसाव्या मिनिटाला ‘फोन आला’ म्हणून उठलास. फोन वाजला नव्हता. पुढचं बघ, मग बोलू.