वाचकांचे प्रश्न : दोन लाख किलोमीटर चाललेली डिस्कव्हरी

प्रश्न : मी २०११ सालची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ (तीन लिटर, डिझेल) गेल्या वर्षी वापरलेली घेतली. मीटरवर २,१४,००० किलोमीटर आहेत. रात्री अंगणात व्यवस्थित उभी केलेली गाडी सकाळी मागून बसलेली दिसते. सुरू केल्यावर ती वर येते, परंतु कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरत राहतो आणि अधूनमधून सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बदलायला सांगितले आहे. जुन्या बोलेरोची बहुतेक कामे मी घरीच करत आलो आहे. हे काम मला जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काम आपल्याला जमेल, पण कॉम्प्रेसरची ऑर्डर आज देऊ नका. या गाडीला चारही चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे आहेत, आणि लांब पल्ल्याच्या बसगाड्यांवर काम केलेला कोणताही फिटर सांगेल की फुगा गळू लागला की भुर्दंड त्यात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला पडतो. गेलेली हवा भरून काढण्यासाठी तो वरचेवर आणि जास्त वेळ चालतो, त्याच्या पिस्टनची सील झिजते, आणि हवेतील ओलावा शोषून घेणारे ड्रायरमधील दाणे सुकायला सवडच न मिळाल्याने ओले राहतात. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल. टाटांनी २००८ साली लँड रोव्हर विकत घेतली असली, तरी सुटे भाग काही टाटांच्या इतर गाड्यांच्या भावात मिळत नाहीत, हे आपल्याला एव्हाना कळले असेलच.

तेव्हा आधी गळती शोधावी. यात एक मेख आहे. इंजिन बंद केल्यावरही या गाडीची सस्पेन्शन प्रणाली ठरावीक वेळाने जागी होते, चारही कोपऱ्यांची उंची तपासते आणि एखादा कोपरा खाली गेलेला आढळला, तर बाकीच्यांतील हवा सोडून त्यांनाही त्याच्या पातळीला आणते. त्यामुळे गळत असतो एकच फुगा, पण सकाळी मागची संपूर्ण बाजू बसलेली दिसते. यावर उपाय म्हणून संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, माहितीपुस्तिकेत पाहून एअर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. सकाळी दार उघडण्यापूर्वी तीच चार मापे पुन्हा घ्यावीत. जिथे दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडला असेल, तो कोपरा आपला गुन्हेगार.

मग भांडी धुण्याचे लिक्विड पाण्यात कालवून फवारणीच्या बाटलीने त्या कोपऱ्यावर मारावे : आधी फुग्यात नळी शिरते त्या जोडावर, नंतर फुग्याच्या खालच्या तोंडाशी आणि शेवटी वाल्व ब्लॉकच्या, म्हणजे फुग्यांकडे हवा सोडणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या, जोडांवर. मोठी गळती लगेच फसफसते; बारीक गळतीला मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून येतात आणि ते दिसायला दोन-तीन मिनिटे बॅटरीच्या उजेडात टक लावून पाहावे लागते. जोड गळत असेल, तर नळीचे टोक सरळ कापून नवा जोड बसवला की काम स्वस्तात होते. फुगाच गळत असेल, तर तो बदलावा.

इथे बोलेरोची सवय घातक ठरेल. ही गाडी अडीच टनांहून जड आहे आणि हवेवर उभी आहे. ती केव्हाही खाली बसू शकते. केवळ जॅकवर किंवा फुग्यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चेसिसखाली दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या लावाव्यात, फ्यूज काढलेलाच ठेवावा, त्या कोपऱ्यातील हवा पूर्ण सोडावी आणि मगच नळीला पाना लावावा. नवा फुगा बसवल्यावर त्यात हवा भरण्यापूर्वी गाडीचा भार त्यावर टाकू नये, कारण रिकाम्या रबराची घडी चुकीची पडली की तो तिथेच चिरतो. गळती थांबल्यावरही कॉम्प्रेसर फार वेळ घेत असेल, तर तो बदलावा आणि त्याला वीज जोडणारा स्विच, म्हणजे रिले, तोही त्याच वेळी बदलावा.

प्रश्न : माझ्या २०१० च्या डिस्कव्हरीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड असताना झटके देतो. त्यातील तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे मला सांगण्यात आले. ते बदलावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बदलावे. हा गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. ती ज्या दर्जाचे तेल सांगते तेच वापरावे. दुकानदार पुढे करील ते नव्हे. फिल्टर प्लॅस्टिकच्या तेलपात्रातच असल्याने पात्र नवेच घ्यावे लागते.

भरण्याचा बोल्ट आधी सैल करून पाहावा आणि मगच निचऱ्याचा बोल्ट उघडावा. मी एकदा उलटे केले. तेल परातीत, भरण्याचा बोल्ट गंजून घट्ट, आणि गाडी चार दिवस घोड्यांवर. पातळी तपासताना इंजिन चालू, लिव्हर ‘पी’वर आणि तेलाचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान हवे. त्यासाठी गिअरबॉक्सचे तापमान दाखवणारा स्कॅनर लागतो. हात लावून अंदाज करू नये. बरेचसे जुने तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या, तेलाने भरलेल्या भागात) राहतेच, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलले तर चांगले. मात्र गिअर घसरू लागले असतील, तर नव्या तेलाने ते बरे होतील, अशी आशा धरू नये.

प्रश्न : याच गाडीचा टायमिंग बेल्ट घरी बदलता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मी स्वतः बदलणार नाही. या डिझेल इंजिनाला पुढे एक आणि मागे, डिझेलच्या उच्चदाब पंपासाठी, दुसरा असे दोन बेल्ट आहेत. पुढचा बेल्ट वाल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवतो; तो तुटला किंवा त्याचे दाते चुकले, तर वाल्व पिस्टनवर आपटू शकतात. लॉकिंगची खास हत्यारे असलेल्या गॅरेजकडे काम द्यावे आणि दोन्ही बेल्ट, ते ताणून धरणारे टेन्शनर व पुली एकाच वेळी बदलून घ्याव्यात. आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरावे.