मेलबर्नच्या अंगणात कुंपणालगत आपोआप उगवलेलं, राखाडी-हिरवं, लाल फळांचं झुडूप तण समजून उपटावं का?

कृपया उपटू नका! वर्णनावरून ते ‘रुबी सॉल्टबुश’ (एन्कायलिना टोमेंटोसा) वाटतंय, अस्सल ऑस्ट्रेलियन. आपल्या पालक-चाकवताच्याच कुळातलं.

खात्री करायला पान चिमटीत धरा. सुईसारखं बारीक पण मांसल, रसाळ, वर मऊ लव. चाकवत तिथे तण म्हणून उगवतो, पण त्याची पानं रुंद, चपटी. सॉल्टबुशचं फळ बटणासारखं चपटं, हिरव्यावरून पिवळं, केशरी, लाल होत जातं. एकाच फांदीवर सगळे रंग दिसतात, फार देखणं! पक्षी आणि सरडे ही फळं आवडीने खातात. कुंपणावर बसलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बी खाली पडतं, म्हणून ते नेमकं तिथेच रुजतं आणि लोकांना तण वाटतं.

पाणी जवळजवळ लागत नाही, खारवट जमीनही चालते. पसरलं तर छाटा. फळं गोड-खारट, ऑस्ट्रेलियातले आदिवासी ती पूर्वापार खातात. पानांत ऑक्झलेट (जास्त खाल्लं तर त्रासदायक ठरणारा क्षार) असतं, तेव्हा पानं खायची तर उकडून पाणी फेकून द्या. ओळख पक्की होईपर्यंत मात्र काहीही तोंडात घालू नका. जवळच्या देशी रोपांच्या नर्सरीत फांदी दाखवा.